ठमीचा प्लग

गादीवाल्याच्या तीनचाकी टेम्पोचं नाव ठमी. वय विचारू नये, पण हॉर्नला खोकला लागून बारा वर्षं झाली होती. गादीवाल्यानं सतरा वेळा हँडल ओढावं, अठराव्याला तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा, तेव्हा कुठे ती गुरगुरत उठायची. एके दुपारी पोलिसांनी तिला उचलून नेलं. गुन्हा एवढाच, की तिच्यावर रचलेल्या गाद्यांत चौकातला लाल दिवा रुतून बसला आणि चारी बाजूंची वाहनं एकदम सुटली. ऐकणाऱ्याला हे पटत नाही, पण दिव्याच्या काचेवर अजून कापूस आहे.

जप्त गाड्यांच्या आवारात गादीवाला रोज अर्ज घेऊन जाई. कारकून मान वर न करता म्हणे, "साहेबांची सही व्हायचीय."

पाचव्या दिवशी फाटकातच त्याचे कान टवकारले. ठमीचा आवाज! पण गुरगुर कसली, मांडीवरच्या मांजरीसारखी घुरघुर चालली होती. आणि आत, त्याच्या जागेवर, आवाराचा मिशाळ राखणदार ऐसपैस बसलेला.

"या या, मालक! गाड्या बसून बिघडतात ना, म्हणून रोज दोन मिनिटं चालू करतो. तुमची ही फार गुणाची हो. एका ओढीत उठते."

"एका?"

"एकाच. 'उठा, बाईसाहेब' म्हणायचं आणि ओढायचं."

गादीवाल्याच्या छातीत कोणीतरी दाभण खुपसला. त्यानं नीट पाहिलं. आरसा लखलखीत पुसलेला. सीटची उसवलेली शिवणसुद्धा घातलेली! वेडीवाकडी, पण घातलेली. गावभरच्या गाद्या शिवणाऱ्याला बारा वर्षांत ती दिसली नव्हती.

राखणदार गाडी बंद करून शेजारच्या गाडीकडे वळला. "सीटखाली कागद राहिलेत," असं पुटपुटत तो वाकला, तिथल्याच पान्यानं ठमीचा प्लग काढला आणि खिशात टाकला. आता म्हण म्हणावं बाईसाहेब!

घरी आल्यावर त्यानं प्लग कापसाच्या ढिगात खोल खुपसला. बायको गादी भरत होती.

"झाली का सही?"

"सही गेली खड्ड्यात. त्या मिशाळानं तिला नादी लावलंय."

"गोड बोलला असेल. तुम्ही कधी बोललात? तिच्याशी नाही, निदान माझ्याशी तरी?"

गादीवाला भिंतीकडे तोंड करून झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवारात साहेब स्वतः हजर. कारकून म्हणाला, "सही होतेय. मालकानं गाडी साहेबांसमोर चालू करायची आणि घेऊन जायची. चालू न होणाऱ्या आज भंगारात जाणार."

गादीवाल्यानं खिसा चाचपला. मग धावत रस्त्यापलीकडच्या दुकानातून बायकोला फोन लावला.

"कापसात प्लग होता!"

"मला काय ठाऊक? सकाळपासून सहा गाद्या भरल्या, सहाही गेल्या. आता कोणाच्या पाठीला टोचेल तो तक्रार घेऊन येईल, तेव्हा कळेल!"

तो परतला तेव्हा राखणदार ठमीशी खटपट करत होता. "उठा, बाईसाहेब." ठमी गप्प. "उठा की." ठमी ढिम्म. खरं सांगायचं तर त्या क्षणी गादीवाल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नाही उठत तुझ्यासाठी! पण साहेबांनी पेन भंगाराच्या यादीवर नेलं तसा तो पुढे धावला.

तो राखणदाराच्या कानाशी लागला. "मामा... प्लग मीच काढला."

"का हो?"

"तुमच्या हाताला उठायची म्हणून."

राखणदार दोनदा मिशीत हसला. मग त्यानं झाडाखालच्या आपल्या मोपेडचा प्लग काढून ठमीला बसवला. गादीवाल्यानं हँडल ओढलं. एकदाच! ठमी घुरघुरली. साहेबांनी सही ठोकली.

फाटकाबाहेर पन्नास पावलं गाडी अशी पळाली, की बारा वर्षांत पळाली नव्हती. तेच त्याला सोसेना. माझी ठमी, आणि जीव त्याचा? त्यानं गाडी बंद केली, प्लग काढला, परत जाऊन राखणदाराच्या तळहातावर ठेवला.

"अहो, घरी जाऊन उद्या आणून द्या! वेड लागलंय का? ढकलत नेणार?"

"ढकलत नेईन. पण माझी म्हणून नेईन."

आणि नेली. तीन मैल. चढावर सदरा पाठीला चिकटला, टाच सोलली. दाराजवळच्या शेवटच्या वळणावर ठमी अडली. गादीवाल्यानं सवयीनं शिवी तोंडात घोळवली, मागेपुढे पाहिलं, गिळली. आणि अगदी हळू म्हणाला,

"चला, बाईसाहेब."

ठमीचा हॉर्न खोकला. प्लग नसताना, हात न लावता.

दारात बायको उभी होती. "कोणाला म्हणालात?"

"तुलाच," गादीवाला म्हणाला आणि सुईदोरा घेऊन सीटची ती वेडीवाकडी शिवण उसवायला बसला.