लिंबाचे राहून गेलेले चार फूट

शाळेमागचा लिंब तोडायचा, हे गावानं जवळजवळ ठरवलंच होतं. मे महिन्यातल्या वादळात त्याची एक फांदी तुटून उडत येऊन पहिलीच्या खोलीवर आदळली आणि दोन पत्रे चेपले. सुट्या होत्या म्हणून निभावलं. गोपाळची लेक भक्ती यंदा त्याच खोलीत बसणार होती. ग्रामसभेत गोपाळ उठून एवढंच म्हणाला की, झाड परत लावता येतं. ते सगळ्यांना पटलं.

सिद्धोधन गुरुजींनाही. पिंगळी स्टेशनापासून तीन कोसांवरच्या या शाळेत त्यांची उभी नोकरी गेली. पहिल्याच वर्षी पोरांना घेऊन त्यांनी तो लिंब लावला होता, आणि पाण्याची ओढ असलेल्या सालांत त्यांच्या बायकोनं, धम्मशीलाबाईंनी, घरचं खरकटं पाणी बादलीनं नेऊन तो जगवला होता. पण माझं झाड म्हणून दुसऱ्याच्या लेकरावर ते कसं झुकू द्यायचं?

सरपंच परमेश्वर हा त्यांच्याच हाताखालून गेलेला. त्यानं टेप मागवला. झाडाच्या बुडापासून खोलीच्या भिंतीपर्यंत सत्तेचाळीस फूट भरले. तो म्हणाला, लिंब याहून बुटका असला तर पडूनही भिंतीला लागायचा नाही, मग राहील; उंच असला तर सोमवारी करवतवाला येईल.

मग झाडाची उंची किती, यावर जुंपली. कुणी चाळीस म्हणे, कुणी साठ. शेंड्याच्या काड्या माणसाचं वजन पेलणाऱ्या नव्हत्या, त्यामुळे वर चढून टेप सोडायची सोय नव्हती. जुन्या माणसांनी परसांत अंदाज बांधायला घेतला. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस, विहिरीची खोली मोजायचं माप. त्यावर गर्दीतल्या दगडाबाईनं सुनावलं की, विहिरीत दोर सोडता येतो, आभाळात कुठं बांधता?

गुरुजींची नात संघप्रिया सातवीत होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "आबा, तुमचा मोबाइल द्या. मी मोजते."

मोबाइलमध्ये कोन दाखवणारं एक ॲप होतं. संघप्रियानं मोबाइलची कड डोळ्यापाशी धरली, बंदुकीचा नेम धरावा तसा शेंडा त्या कडेच्या रेषेत आणला आणि एकेक पाऊल मागं जाऊ लागली. बाजूला उभे राहून गुरुजी आकडा वाचत होते. साठ, पंचावन्न, पन्नास. पंचेचाळीस अंशांवर ती थांबली. लोकांना उलगडा व्हावा म्हणून गुरुजींनी वहीचं पान चौरस फाडलं, कोपऱ्याला कोपरा लावून दुमडलं. बघा, म्हणाले, या घडीच्या दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे पोरगी झाडापासून जेवढी लांब, तेवढं झाड उंच. टेप धरला. पंचेचाळीस फूट भरले.

दोन फुटांनी लिंब वाचला. गोपाळनंही मान डोलावली. त्या दिवशी घरी जाताना गुरुजींच्या चालण्यात तरुणपण आलं होतं.

रविवारी सकाळी संघप्रियाला चैन पडेना. ज्याची उंची आधीच ठाऊक आहे असं काहीतरी मोजून बघावं, असं तिच्या मनात आलं. झेंड्याचा खांब होताच. अख्खा वीस फुटी पाइप, त्यातला दोन फूट काँक्रीटमध्ये. गुरुजींनी स्वतः उभं राहून तो रोवून घेतला होता. म्हणजे वर अठरा. मोबाइलनं मोजलं तर चौदाच भरले. तिनं तीनदा मोजलं. तिन्ही वेळा चौदा.

घरी येऊन आजोबा आणि नात वहीवर डोकं खुपसून बसले. धम्मशीलाबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "विहिरीचा दोर कठड्यावरून सोडला तर कठड्याची उंची वजा करतेत ना? मग तुमचा दोर कुठून सुटलाय, जमिनीवरून का पोरीच्या डोळ्यावरून?"

संघप्रियानं भिंतीला टेकून डोळ्याची उंची मोजली. बरोबर चार फूट.

"एवढी वर्षं मास्तरकी केली," धम्मशीलाबाई म्हणाल्या, "अन् डोळे मोजायचेच राहिले."

गुरुजींना हसू आलं नाही. खांबाचे चौदा आणि चार, अठरा. तसेच लिंबाचे पंचेचाळीस आणि चार, एकोणपन्नास. भिंत सत्तेचाळीसवर. ही बेरीज या घरातल्या तिघांनाच माहीत होती. तोंड उघडलं नाही तर लिंब उभा राहणार होता.

"आबा, सांगावं लागंल ना?" संघप्रियानं विचारलं.

गुरुजींनी वहीतली बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. ते वेळ काढतायत, हे तिच्याही ध्यानात आलं. मग म्हणाले, "तू मोजलंस. तूच सांग. मी तुझ्या बाजूला उभा राहतो."

सोमवारी करवतवाला आला नव्हता, पण गुरुजींच्या सांगण्यावरून परमेश्वरनं बोलावल्यावर माणसं लिंबाखाली जमली. संघप्रियानं चूक काय झाली ते सगळ्यांपुढे सांगितलं, खांबाचं सांगितलं, कठड्याचंही सांगितलं. शेवटी म्हणाली की, एकोणपन्नास भरतेत. कुणीतरी मागून पुटपुटलं, मोबाइलच्या नादी लागलं की असंच व्हायचं.

"चूक मोबाइलची न्हाई," ती म्हणाली. "तो बरोबर सांगायलाय. मी डोळे धरले न्हाईत." मग वही उघडून पुढचं वाचलं. शेंडा पाच फूट उतरवला, तर चव्वेचाळीस राहतेत. झाड मुळासकट आडवं झालं तरी भिंतीला लागत न्हाई. खोलीकडच्या फांद्याही छाटून घ्याव्यात. लिंब परत फुटतो. दरसाल मोजायचं काम माझ्याकडं.

परमेश्वरनं गोपाळकडं पाहिलं. पत्रे चेपल्यापासून त्याची काळजी खरी होती, आणि शब्द त्याचाच चालणार होता. गोपाळनं शेंड्यापासून चेपलेल्या पत्र्यांपर्यंत नजर फिरवली. मग म्हणाला, "सांगितलं नसतं तर आमाला कळलं असतं का?" त्यानं संघप्रियाच्या हातातली वही घेऊन आकडा बघितला. "मग हिचं माप मला चालतंय."

गुरुवारी शेंडा आणि खोलीकडच्या फांद्या उतरल्या. कापणारा दोर सोडवत होता तोवर गोपाळनं गुरुजींचा मोबाइल मागून घेतला. नेम धरला आणि मागं मागं गेला. संघप्रिया बाजूनं आकडा वाचत होती. पंचेचाळीसवर तो थांबला. टेपनं एकोणचाळीस फूट दाखवले. लोक तोंडाकडं बघायला लागले, तसा गोपाळ शाळेच्या भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला.

"आता माझे डोळे मोज," तो म्हणाला.

पाच फूट भरले. चव्वेचाळीस. गोपाळनं भक्तीला उचलून भिंतीशी उभं केलं, आता हिचे, म्हणाला. मग पोरांची रांगच लागली. संघप्रिया टेप धरून एकेकाचे डोळे भिंतीवर खडूनं मांडत गेली, खाली नाव लिहीत गेली.

गुरुजी लिंबाच्या बुडाशी बसून बघत होते. त्यांच्या नोकरीत बरोबर उत्तरं देणारी पोरं पुष्कळ झाली होती. स्वतःचं चुकलेलं उत्तर सगळ्या गावापुढं स्वतःच्या हातानं पुसून पुन्हा मांडणारं पोर त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि ते त्यांच्याच घरचं होतं. मांडीवर हात टेकून ते उठले, टोपी काढली आणि रांगेत भक्तीच्या मैत्रिणीमागं जाऊन उभे राहिले.