सारजाबाईच्या दारातली सही

सकाळी दार उघडलं आणि सारजाबाईची बोबडीच वळली. दारातल्या वाळल्या शेवग्याच्या फांद्यांत हातभर जाळं, मधोमध पिवळ्या पट्ट्यांचा कोळी, नि त्याच्या खाली-वर पांढऱ्या जाड धाग्याची नागमोडी ओळ. कुणी कागदावर सही ठोकावी तशी!

घटकाभरात अंगणात अर्धं गाव जमलं. असलंच जाळं आधी बंकटच्या दारात दिसलं, मग ताराबाईच्या, आज इथं. त्या दोघांनी आपापली दुभती शेळी उतारा म्हणून गावात उतरलेल्या सिदूबुवाला कधीच देऊन टाकली होती.

"यमाची सही हाय ही!" बुवानं झोळी सावरत डोळे फिरवले. "सात दिसांत घरातलं लहानगं उचलणार. उतारा एकच, दारातलं दुभतं जनावर. आन् दवाखान्याची पायरी चढायची न्हाई, हे आठ दिस सांगतोय. यम लई चिडतो!"

वा रे यम! शेळी मिळाली की खूश, डॉक्टर दिसला की नाराज.

हे आपल्याला सुचतं हो. सारजाबाईला कुठलं सुचायला? दीड वर्षांची नात कालपासून तापानं फणफणत होती. दुष्काळात घरात दूध म्हणजे त्या एका शेळीचं, नि तेही पोरीच्याच पोटात जायचं. तरी बाईनं शेळीचं दावं सोडलं. शेळी जाऊ दे, पोर राहू दे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"आत्याबाई, थांबा." सून अंजना मोबाईल घेऊन जाळ्यासमोर वाकली.

"आगं, फोटू कसले काढतीस? लेकरू जाईल माझं!"

अंजना दूध संस्थेच्या चारा छावणीत रोज जनावरांचे फोटो काढायची. एकच म्हैस दोन नावांवर दाखवणारे महाभाग तिथं कमी नव्हते. मोडकं शिंग, फाटका कान हेरायची तिला सवयच लागलेली. आधीच्या दोन्ही दारांतले फोटोही तिनं कामावर जाता जाता काढले होते. आता तिन्ही फोटो तिनं मोठे करून दाखवले.

"कोळ्याला पाय आठ. ह्याचे मोजा. सातच! डावीकडचा दुसरा तुटलाय. बंकटभाऊ, तुमच्या दारातला बघा. तोच पाय न्हाई. ताराकाकू, तुमच्याही. तिन्हीकडं कोळी एकच हाय."

बंकट पुढं झाला. "बुवा, आमचा कोळी तर तुमी नेऊन माजलगावच्या धरणात बुडवला म्हणलाता!"

"तो... परत आला. दैवी हाय!"

"मग झोळी लपवतो कावून बे?" बंकटनं झोळी हिसकली. आतून प्लास्टिकची डबी पडली. झाकणाला भोकं, तळाशी मेलेल्या माश्या, कडेला कोळिष्टक.

"सांजच्याला फांदीवर सोडायचा, सकाळपर्यंत तो जाळं विणतोच," अंजना म्हणाली. "ती ओळ ह्या जातीचे कोळी कुठंबी काढतात. छावणीमागच्या बाभळीवर चार हायत. कुणाचं काय झालं?"

शेळ्या परत घेतल्याशिवाय सोडायचा नाही म्हणून बंकटनं बुवाची गचांडी धरली.

सारजाबाई मात्र अजून शेळीचं दावं हातात धरूनच उभी होती. "आन् खरंच सही असली तर गं?"

अंजनानं सासूचा हात पोरीच्या कपाळावर ठेवला. "अंग कसं भाजतंय बघा. भ्यायचं तर ह्याला भ्या, आत्याबाई."

बाईनं पोर पदरात गुंडाळली नि चकलांब्याचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पोरीला सलाईन लावलं आणि विचारलं, "काल का नाही आणलंत?"

सारजाबाई खाली मान घालून रडली.

पोर वाचली, मंडळी. पण बुवाच्या शब्दापायी तिचा एक दिवस वाया गेला, आणि लेकराच्या तापात एक दिवस फार असतो. भीती वाटली तर वाटू द्या. पण डोळे उघडे ठेवा, चार प्रश्न विचारा, आणि लेकरू आधी दवाखान्यात न्या.