सासूबाईंची चटई

आमच्या टोंगात कमरेला चटई न गुंडाळता चर्चला जाणारा माणूस नागडाच समजतात. केवड्याच्या पातींची ही ताओव्हाला जितकी काळवंडलेली, कडांना विरलेली, तितका तिचा मान मोठा. माझ्याकडची सासूबाईंच्या आईने विणलेली. माझ्या लेकीने, लेसिएलीने, लग्नात तीच नेसावी एवढीच माझी इच्छा होती.

अडचण एकच, माझी नणंद. इथे भावाच्या घरात बहिणीचा हुकूम चालतो. भाचीच्या लग्नात मांडलेल्या चटयांतली हवी ती चटई ती उचलणार आणि कोणी हूं की चूं करायचं नाही. माझा नवरा तर बहीण दिसली की डुकरांना खायला घालायला मागे पळतो. आमची डुकरं त्या बाईमुळेच गुटगुटीत आहेत.

लेसिएली ऑकलंडला मावशीकडे वाढलेली, टिकाऊ फॅशन शिकून आलेली. आल्या दिवसापासून तिचं प्रवचन सुरू.

"आई, लोक कपडा चारदा घालतात नि फेकतात. जुनं दुरुस्त करून वापरायला शिका."

"हो का? मला वाटलं, ही चटई मी कालच आणली."

टोमणा तिच्या डोक्यावरून गेला. लग्नाच्या आदल्या सकाळी मी सुरण सोलत होते, आणि बाईसाहेबांनी मला खूश करायला चटई दुरुस्त केली. साबणाने घासली, विरलेल्या कडा कात्रीने कापून फेकल्या, वर टिपा घातल्या. तीन पिढ्यांची झीज तासाभरात साफ! मी मटकन खाली बसले आणि भोकाड पसरलं.

"अगं, आता अजून पन्नास वर्षं टिकेल!"

"तोवर तुला अक्कल येईल का, तेवढं सांग."

दुपारी वन्सं आल्या. चटया उलटसुलट करता करता नेमक्या त्या चटईपाशी थांबल्या. कडेवरून बोट फिरवलं.

"ही नवी कुठली गं, सेइनी?"

माझं रडं जागच्या जागी थांबलं. "बाजारातली, वन्सं," मी बेधडक ठोकून दिलं. "स्वस्तात मिळाली."

"दिसतंच आहे. नेसू दे पोरीला."

त्यांनी दुसऱ्या तीन उचलल्या. लेकीचे सगळे गुन्हे मी तिथेच माफ केले.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये लेसिएली ती चटई नेसून ऐटीत उभी राहिली. वन्सं माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या कमरेला एक झालर लोंबत होती. काळवंडलेल्या, विरलेल्या पाती दोरीत ओवलेल्या.

"डुकरांच्या कुंपणापाशी पडल्या होत्या," त्या पुढे बघतच म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याने गोळा करून माझ्या मागच्या दाराशी ठेवल्या. बाजारातली म्हणे! आजीच्या हातची वीण मला कळणार नाही होय?"

मी मान खाली घातली.

"पोरीला शोभते, राहू दे तिच्याकडे. चटईचं म्हातारपण तेवढं मी ठेवून घेतलंय."

स्तोत्र सुरू झालं. त्या खणखणीत गायल्या.