उजवा गुडघा कोणाला सांगायचा नाही

तालमीच्या पहिल्याच प्रश्नाला रॉयस्टनकाकानं मला किटली फेकून मारली. किटली रिकामी होती, म्हणजे तो तसा चांगल्या मूडमध्ये होता.

प्रश्न साधा होता. "मिस्टर सग्डन, आज तब्येत कशी आहे?"

"मस्त. तक्रार नाही. तुझी कशी आहे, पोरी?" असं तो म्हणाला. त्याबरोबर मॅक्सीनकाकूनं त्याच्या दंडावर लाटणं हाणलं. खुर्चीतून त्याचा हात तिच्यापर्यंत पोचेना, म्हणून किटली माझ्या वाट्याला आली. माझं कपाळ जवळ होतं.

"तक्रार नाही?" काकू ओरडली. "अरे रेड्या, तक्रार करायलाच फोन येणार आहे! तक्रार नसेल तर ते गाडी नेतील!"

भांडण गाडीचंच होतं. काकाला अपंगत्वाचा भत्ता मिळतो आणि त्यातल्या चालता न येण्याबद्दलच्या रकमेवर सरकारकडून दारात एक करडी गाडी मिळालेली आहे. आता त्याची नव्यानं तपासणी होणार होती, तीही फोनवर. भत्ता गेला की गाडी परत. आणि गाडी गेली की काका त्या खुर्चीत, खिडकीपाशी, मरेपर्यंत. कोमट पाण्याच्या तलावातला व्यायाम नाही, रविवारी मैदानावर जाऊन पंचाच्या आईचा उद्धार नाही. असा काका घरात ठेवून घ्यायची काकूची तयारी नव्हती. "त्यापेक्षा मीच मारीन," असं ती म्हणायची, आणि इंग्लंडातल्या आमच्या कॅसलफर्ड गावात तिला ओळखणारं कोणी यावर हसत नाही.

मी कॉल सेंटरमध्ये खिडक्या विकते. फोनवर गोड बोलून माणसाकडून नको ते वदवून घेणं हा माझा धंदा, म्हणून तपासणीवाली बाई मी झाले.

"किती अंतर चालता येतं, मिस्टर सग्डन?"

"कुठंही. वाटेत कोण आडवं येतं त्यावर आहे."

लाटणं.

"स्वयंपाक स्वतः करता?"

"करतो की."

"करतो?" काकूनं त्याची बाही कोपरापर्यंत वर ओढली. मागच्या रविवारी तो ओव्हनसमोर कोलमडला होता. हातावर जाळीचे लाल चट्टे अजून होते, व्यवस्थित, रेघारेघांचे, एखाद्या चांगल्या भाजलेल्या मांसासारखे. "हे काय आहे?"

"डिझाइन," काका म्हणाला.

त्या लाटण्यानंतर लाटण्याचे दोन तुकडे झाले आणि तालीम संपली.

काकाची बाजूही समजून घ्यायला हवी. तो वीस वर्षं रग्बी खेळला, पहिल्या फळीत. तिथं माणसं विचार करायला नव्हे, धडकायला ठेवतात. त्याचा डावा कान अर्धा आहे. गेलेला अर्धा ज्यानं चावला तो त्याला दर नाताळला कार्ड पाठवतो. तिथला एकच नियम: दुखतं कुठं ते समोरच्याला कळू द्यायचं नाही. कळलं की तो तिथंच मारणार. म्हणून मार बसला की हसायचं आणि उठायचं. दात पडले तर गिळायचे.

फोनच्या दिवशी सकाळी काका टेबलापाशी अंघोळ करून, केस विंचरून बसला होता, गळ्यात क्लबचा टाय. डाव्या गुडघ्याला ही एवढी जाड पट्टी.

"काका, पट्टी डाव्याला कशाला? तुझा तर उजवा..."

"शू," तो म्हणाला आणि डोळा मारला.

फोन वाजला. बाईचं नाव इमोजेन. आवाज इतका मऊ की मला तिला खिडकी विकाविशी वाटली. काकूनं फोनचा स्पीकर लावला आणि नवं लाटणं मांडीवर घेतलं.

"मिस्टर सग्डन, आज कसं वाटतंय?"

काकानं लाटण्याकडे पाहिलं. "वाईट," तो म्हणाला. त्याला घाम फुटला. मी त्याला अंत्यविधीत रडताना पाहिलंय, पण एवढं लाजताना नाही.

"त्रास मुख्यतः कुठं होतो?"

"गुडघ्यात."

"कोणत्या?"

"डाव्या," काका ठणकावून म्हणाला.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "डॉक्टरांच्या सगळ्या अहवालांत उजवा लिहिलाय."

"ते डॉक्टरांना वाटतं."

मला तेव्हा कळलं. रग्बीत अशीच पट्टी बांधतात, चांगल्या गुडघ्याला. म्हणजे समोरचा त्यावर तुटून पडतो आणि खरा गुडघा वाचतो. काका इमोजेनला चकवत होता. स्वतःच्याच गाडीचा गळा दाबून तो विजयानं माझ्याकडे बघत होता.

काकूनं लाटण्यावर वेळ घालवला नाही. तिनं सरळ त्याचा टाय धरला आणि मनगटाला दोन वेढे दिले.

"खरं सांग तिला!"

"नाही सांगणार!" काका जांभळा होत होता. "एकदा सांगितलं होतं ना! समोरच्या टीममधल्या डॅरिलला! दोस्त म्हणून! मॅचच्या आदल्या रात्री, पबमध्ये! म्हटलं, उजवा जरा कुरकुरतोय, कोणाला बोलू नको. दुसऱ्या दिवशी बॉल कुठल्या कुठं गेला होता, मी जमिनीवर पडलो होतो, आणि तो माझ्या उजव्या गुडघ्यावर दोन्ही पायांनी उडी मारून उतरला! वर परत उडी! हाड कोंबडीच्या तंगडीसारखं बाहेर आलं! दोस्त!"

"मिस्टर सग्डन," इमोजेन म्हणाली, "मागं आवाज येतोय. तुम्ही सुरक्षित आहात ना?"

"नाही," काका म्हणाला. त्या सकाळचं त्याचं पहिलं पूर्ण खरं उत्तर. मग त्यानं फोन उचलून भिंतीवर असा आपटला की त्याचा एक तुकडा काकूच्या गालात रुतला. काकूनं हूं की चूं न करता तो उपटला आणि काकाच्या नाकावर बुक्की मारली. काका तिला धरायला उठला. उजवा गुडघा आत वळला आणि तो सगळाच्या सगळा, टेबल, चहा, मधाची बरणी यांच्यासकट काकूवर कोसळला.

गाडी राहिली. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. त्या क्षणी मात्र आम्ही तिघंही गाडी गेली असंच समजून चाललो होतो.

मी काकाच्या काखेत हात घालून त्याला ओढलं. तो हलेना. नाकातून रक्त, खाली काकू, सगळीकडे मध. आणि काकूच्या एप्रनच्या खिशात तिचा फोन वाजायला लागला. अर्जावर दुसरा नंबर तिचा होता. मी काकाच्या पोटाखाली हात घालून तो बाहेर काढला.

"फोन कट झाला," इमोजेन म्हणाली. "मिस्टर सग्डन बोलू शकतील का?"

मी फोन जमिनीवर त्याच्या तोंडाशी ठेवला. खालून काकूनं हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला. मारायला नव्हे. मी नीट बघून खात्री केली.

"उजवा," काका म्हणाला.

"सावकाश सांगा."

"उजवा गुडघा, पोरी. मी आत्ता जमिनीवर आहे आणि मला उठता येत नाही. सकाळी जिना बसून उतरतो, ढुंगणावर. मॅक्सीन माझ्यापुढं उतरते, पडलो तर तिच्यावर पडावं म्हणून. मागच्या हिवाळ्यात पडलो. तिच्या दोन बरगड्या गेल्या."

काकू म्हणाली, "रॉय, राहू दे."

"हॉस्पिटलात आम्ही सांगितलं की भांडणात मी लाथ मारली," काका म्हणाला. "ते बरं वाटलं सांगायला. पोलीस आला होता घरी. त्यालाही तेच सांगितलं. पडलो म्हणून सांगितलं नाही."

पलीकडे टाईप करण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण आता हळू.

"तुम्हाला उठवायला तिथं कोणी आहे का?"

काकानं रक्त थुंकलं आणि विचार केला.

"दोघी आहेत," तो म्हणाला. "पण एक माझ्याखाली आहे, आणि दुसरीच्या अंगात जोर नाही. तू विचार तुला काय विचारायचंय ते. मी आहे इथंच."