नाक्यावरचा दुभाषी

माझं आडनाव स्वामी. चाकूरकडं या आडनावाच्या माणसाला लोक लग्नाचा मुहूर्त विचारतात. पलटणीतल्या कारकुनानं मात्र मला थेट मद्रासी करून टाकलं. श्रीलंकेला निघालेल्या तुकडीला तमिळ येणारा माणूस हवा होता. मी सांगून पाहिलं, "साहेब, मी वीरभद्र स्वामी, जिल्हा लातूर." त्यानं जिल्ह्यांची यादी चाळली. आमचा जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण यादी त्याआधीची. लातूर सापडेना, म्हणजे ते मद्रासकडंच असणार, असं त्यानं ठरवलं. नावापुढं 'दुभाषी' लिहिलं आणि दहा दिवसांची रजा दिली.

गावात दुष्काळाचं तिसरं वर्ष. पाणी नव्हतं, पण तमिळ माणसं दारात हजर! नव्या जिल्ह्यानं मंजूर केलेली बोअर पाडायला तिकडचीच गाडी आली होती. गाडीवरचा मिस्त्री मुरुगेसन मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. रोज दोन भाकरी आणि शेंगाची चटणी, यावर शिकवणी ठरली.

"तुला कानडी येतंय की," आई गौरम्मा म्हणाली. "तेच जरा वाकडं करून बोल. कशाला उगं डोकं फोडून घ्यायलास?"

कारण मी तिला सांगितलं नाही. नाक्यावर जवान 'थांब' म्हणतो, समोरच्याला ते कळत नाही, तो चालत राहतो आणि गोळी सुटते, हे मी श्रीलंकेतून परतलेल्यांकडून ऐकलं होतं. असा एखादा बिचारा माझ्या हातून मरू नये, एवढंच मला हवं होतं.

पाणी, दगड, पाइप, डिझेल हे शब्द दोन दिवसांत आले. मग मी विचारलं, 'थांब' कसं म्हणायचं? 'हात वर कर' कसं? 'पिशवीत काय आहे?' मुरुगेसनचा घास तोंडातच राहिला. त्यानं माझे बारीक कापलेले केस पाहिले. शिकवलं मात्र सगळं.

नवव्या दिवशी बोअर तीनशे फुटांवर गेली आणि नुसता फुफाटा उडाला. गाडी निघायच्या आधी त्यानं माझ्या हातात काठी दिली, स्वतः एक पिशवी घेऊन लांब गेला आणि माझ्याकडं चालत आला.

"निल्लु!" मी ओरडलो. तो थांबला. पिशवीत काय आहे, मी विचारलं. त्यानं एका दमात ढीगभर तमिळ सांगितलं आणि पिशवीत हात घातला. मी काठी रोखली.

"मैं क्या बोला?" त्यानं विचारलं.

"नहीं समझा."

"बेटी को बुखार. दवाई है, दिखाता हूँ. ये बोला." त्यानं काठी काढून घेतली. "तुम गोली मारा."

त्या दिवशीची भाकरी त्यानं घेतली नाही.

परतल्यावर मेजरसाहेबांनी परीक्षा घेतली. त्यांना तमिळ येत नव्हतं, त्यामुळं मला पैकीच्या पैकी मार्क पडले. मला नापास व्हायचं होतं. मी म्हणालो, "साहेब, मला फक्त विचारता येतं. समोरचा काय सांगतो ते कळत नाही. आणखी महिनाभर शिकू द्या."

"अरे, आपल्याला विचारायचंच तर आहे," साहेब खुशीत म्हणाले आणि सगळ्यात पुढच्या नाक्यावर त्यांनी माझं नाव लिहिलं.