कुरकुरणारं उजवं बटण

मी एक जुना, तळहातावर मावणारा व्हिडिओ गेम आहे आणि सध्या मारेगावात एका शर्टाच्या खिशात राहतो. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या पडद्याला चीर गेली आहे, उजवं बटण दाबलं की कुरकुरतं; पण माझ्याइतका नशीबवान डबा तुम्हाला शोधून सापडणार नाही!

माझी तऱ्हाच वेगळी. बाकीचे गेम आपल्या पोटात काय आहे ते कोणाला दाखवत नाहीत. मला ज्यांनी घडवलं, त्यांनी माझ्या आतला सगळा प्रोग्राम इंटरनेटवर उघडा ठेवला. कोणीही घ्या, बघा, हवा तसा बदला. ती माणसं मी कधी पाहिली नाहीत, पण रोज त्यांचं भलं चिंततो. का, ते सांगतोच.

मला पुण्याहून आणलं, तिथे कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या धम्मरत्नमामांनी, सहावीतल्या भाचीसाठी, विशाखासाठी. तिचे बाबा उकंडाभाऊ दिवसभर लोकांच्या वावरात कापसाची कामं करत आणि संध्याकाळी हातपाय धुऊन तिच्याशेजारी बसत. एक डाव तिचा, एक बाबांचा. ते हरले की पोरगी टाळ्या पिटायची आणि ते हसून म्हणायचे, "अवं, बापाची थोडी तं इज्जत ठेव!" वेचणीच्या दिवसांत त्यांच्या बोटांना चिकटलेली कापसाची रुई माझ्या उजव्या बटणात शिरली. कुरकुर तेव्हापासूनची.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. अळी मरेना म्हणून फवारण्या वाढल्या आणि एका दुपारी फवारताना उकंडाभाऊंना विषबाधा झाली. यवतमाळच्या दवाखान्यातून ते जगून वाचून घरी आले, पण डोळ्यांपुढे नुसतं धुकं. विशाखाने मला त्यांच्या हाती दिलं. त्यांनी मला चाचपलं आणि परत केलं.

"मले काही दिसून नाही राह्यलं, माय. तू खेळ."

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून बसू लागले. बोलणंच सोडलं. मला फार वाईट वाटायचं.

विशाखाने मामांना फोन लावला. "मामा, न पाहता खेळता येईन असा गेम नाही का?"

होता! कुठल्याशा परक्या माणसाने कानांनी खेळायचा एक गेम करून उघड्यावर ठेवला होता. मामांनी त्यात आपल्या वावरातले आवाज घातले आणि नाव दिलं 'राखण'. रानडुक्कर घुरघुरलं की डावं बटण, पोपट ओरडले की उजवं. चुकलं की पीक गेलं, डाव दुसऱ्याचा.

तो माझ्यात भरून घ्यायला विशाखाची आई, रुखमाबाई, लेकीला घेऊन वणीला कय्युमभाईंच्या मोबाइलच्या दुकानात गेली. तिथे लोक मेमरी कार्डात गाणी भरून घेत आणि कय्युमभाईंचा शिरस्ता ठरलेला: कार्ड हाती आलं की आधी पुसून साफ, मग भरायचं. बोलता बोलता त्यांनी माझंही कार्ड साफ केलं. पण मित्रांनो, लोकांच्या कार्डात गाणी असतात, माझ्या कार्डात माझं अख्खं डोकं होतं!

पुढचं मी ऐकीव सांगतो, कारण तेव्हा मी ठार झालो होतो. विशाखा रडू लागली. "चाचा, आता माहे बाबा कायच्यानं खेळतीन?"

कय्युमभाईंचा चेहराच उतरला. "या अल्लाह! आदत पडली ना बेटा, हात आपोआपच चालते." त्यांनी लेकीला हाक मारली. तमन्ना कॉलेजात कॉम्प्युटर शिकायची. तिने माझ्या पाठीवरचं नाव वाचून इंटरनेटवर शोधलं.

"अब्बा, काहून घाबरता? याचं सगळं उघडं ठेवलं हाय लोकायनं. पाहिजे त्यानं घ्या म्हणते."

तिने माझं डोकं जसंच्या तसं कार्डात उतरवलं आणि त्यावर मामांनी फोनवर पाठवलेली 'राखण' भरली. मी पेटलो तेव्हा टाळी वाजवली ती कय्युमभाईंनी! बटणातली रुईही काढून देतो म्हणाले, पण मारेगावची बस लागली होती. ते राहिलं.

घरी विशाखाने मला बाबांच्या कानाशी धरलं. घुर्रर्र!

भिंतीकडचं तोंड वळलं. "डुक्कर? घरात?"

विशाखाने नियम सांगितले. बोटांनी डावं बटण शोधलं, मग उजवं. आधी हुकलं, मग जमू लागलं. अहो, वावरात पीक राखत जागलीत रात्री काढलेला माणूस तो!

मग विशाखाचा डाव आला. डुक्कर घुरघुरलं आणि तिने मुद्दाम उजवं बटण दाबलं. "अर्र, हरली मी! बाबा जिंकले!"

उकंडाभाऊंनी मान फिरवली. मला वाटलं, संपलं, पुन्हा भिंत.

"विशाखा," ते म्हणाले, "उजवं कुरकुरते, डावं नाही. डुक्कर आलं अन् तू कुरकुरतं दाबलं. काहून? बापाले फुकट जिंकवून राह्यली?"

तिने मान खाली घातली.

"डोळ्यानं दिसत नसन, कान शाबूत हायेत माहे. खरं खेळ."

ती खरं खेळली आणि तिने त्यांना सपाटून हरवलं.

"अवं," ते खदखदून हसले, "बापाची थोडी तं इज्जत ठेव!"

पुढे त्यांना बरंचसं दिसू लागलं. तरी मला खिशातून काढतात आणि 'राखण' डोळे मिटूनच खेळतात. मित्रांनो, कोणाचंही कार्ड पुसण्याआधी एकदा विचारा. चांगलं काही घडवलंत तर उघडं ठेवा, ते कोणत्या घरी कामाला येईल सांगता येत नाही. माझी धूळ पुसा, मला जपा, चीर चिकटवा. फक्त ते उजवं बटण तेवढं दुरुस्त करू नका.