सोफ्यातली फळी

१९८६ साली एका विनोदी नाटकासाठी सुतारमामांनी मला बनवले. मित्रांनो, मी आता एक जुना सोफा आहे. पण नवा होतो तेव्हाही धड नव्हतो. मामांनी मला मुद्दामच बिघडवले होते. स्प्रिंगा काढल्या, पट्टे सैल ठेवले. बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला टेकले पाहिजेत, यातच सगळी गंमत होती.

नाटक दोन म्हाताऱ्या मैत्रिणींचे. एकीचा मुलगा तिला आपल्या घरी न्यायला येतो आणि तिला तर जायचे नसते. दोघी माझ्यात रुततात, एकमेकींना ओढत कशाबशा उठतात आणि शेवटी मुलाच्या तोंडावर दार लावून म्हणतात, "आमचं आम्ही बघू!" त्यावर पडदा पडे.

काम करणाऱ्या दोघी खऱ्याच मैत्रिणी होत्या. तरुणपणी एक सदा राणी व्हायची आणि दुसरी तिची दासी. तीच नावे त्यांना चिकटली. "राणीसरकार, चहा गार होतोय." "दासी, जीभ आवर." हे विंगेत अखंड चालायचे. सुरुवातीला म्हाताऱ्या दिसण्यासाठी त्या केसांना पांढरी पावडर लावत. पुढे पावडरीचा डबा लागेनासा झाला.

राणी एकटी राहत असे. दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाने तिच्याकडून शब्द घेतला होता, "ज्या दिवशी बसल्या जागेवरून तुला उठता येणार नाही, त्या दिवशी माझ्याकडे यायचं. मग कुरकुर नाही." राणीने हसत हो म्हटले होते. तेव्हा गुडघे शाबूत होते.

एका प्रयोगात तिचा सगळा भार दासीच्या हातावर आला. अभिनयात इतके वजन नसते. पडदा पडल्यावर दासीने सुतारमामांना गाठले.

"मामा, राणीच्या बाजूला, गादीखाली एक फळी बसवा."

"मग त्या रुतणार कशा? लोक हसणार कशाला?"

"रुतायचं नाटक करेल ती. जन्मभर दुसरं काय केलंय?"

मामांनी खोबण करून फळी बसवली. राणी ताठ फळीवर बसे आणि खोल गेल्यासारखे हातपाय झाडे. लोक पोट धरून हसत. 'या नाटकात सोफाही अभिनय करतो,' असे वर्तमानपत्रात छापून आले. ते माझे चांगले दिवस.

मग मुलाच्याच गावी प्रयोग ठरला. मामा तापाने घरी होते. तिथल्या कामगाराने मला उचलले तेव्हा फळी खडखडली. कुणीतरी विसरले असेल, असे समजून त्या भल्या माणसाने ती काढून भिंतीशी उभी केली.

राणी बसली आणि खालीच गेली. तिची बोटे माझ्या हातात रुतली. नाट्यगृह हसून कोसळले. दासीने ओढले, पुन्हा ओढले. हशा वाढतच गेला.

"फळी नाहीये गं," राणी कुजबुजली.

दासीने हात सोडला आणि ती शेजारी धपकन बसून मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, मलाही उठवत नाही! चल, आता इथेच संसार थाटू!"

उरलेले नाटक त्यांनी बसूनच केले. शेवटी दार लावायला उठणार कोण? दासी नाटकातल्या मुलावर ओरडली, "जाताना दार तेवढं ओढून घे रे!" त्याने बिचाऱ्याने स्वतःच्याच तोंडावर दार ओढून घेतले. इतक्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

पहिल्या रांगेतला एक माणूस मात्र हसला नव्हता. पडदा पडल्यावर तो वर आला.

"आई, ऊठ बघू."

"बसू दे जरा. दमलेय."

"अरे, नाटकच होतं ते," दासी म्हणाली.

"मावशी, तिचा चेहरा मला कळतो."

त्याने तिला काखेत हात घालून उचलले. तो वाईट नव्हता. लहान मुलाला उचलावे तसे हळूच उचलले. राणी तोंडावरचा रंगही न पुसता निघाली. दाराशी थांबून तिने मागे पाहिले. दासी अजून माझ्यातच बसलेली होती.

"तुला कोण उठवणार गं आता?" राणीने विचारले.

नाटक बंद पडले. मी सामानखोलीत आलो. पुढचे सगळे इथे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून कळले. राणीला मुलाकडे वेगळी खोली होती, हाताशी घंटा होती. उठायचे कारणच उरले नाही. दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. मुलाला फळीची गोष्ट नंतर समजली. "आधी सांगितलं असतं, तर घरी मीच बसवली असती," असे तो म्हणाला म्हणे. खरेही असेल. सुतारमामांचे हात थरथरू लागले, त्यांनी हत्यारे जावयाला देऊन टाकली.

भाचीकडे कायमचे राहायला जाण्याआधी दासी एकदा इथे आली. राणीची बाजू मोकळी सोडून आपल्या जागी बसली. उठताना तिला फार वेळ लागला. रखवालदार धावला, तसा तिने पंजा वर केला.

"थांब. मागितला की दे हात."

तिने तो मागितला नाही.

आता माझ्या कापसात उंदरांनी घर केले आहे, पण मामांनी केलेली खोबण शाबूत आहे. मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जरूर उचला. फक्त त्याआधी एकदा गादीखाली बघा, एखादी फळी बसवून भागतंय का ते.